एक गाडी, दोन चालक आणि टायर-चाचणीचे गुण : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

२०२४ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. पुण्यातलं एक जोडपं, दोघंही पन्नाशीच्या आसपासचे. घरात एकच गाडी, २०१७ ची पेट्रोल सेडान. टायरचं माप २०५/५५ आर १६, भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९१, वेगाचं अक्षर (तो किती वेगापर्यंत चालतो त्याचं) व्ही. नवरा माझा कॉलेजपासूनचा मित्र; बायकोला मी वहिनी म्हणतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, आणि टायरांची नावं न देता त्यांना अ, ब, क, ड म्हटलं आहे. दोघांच्या परवानगीनंच हे लिहितो आहे.

मित्राचा यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे. बहुतेक आठवड्यांत एकदा तो नगरमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाऊन येतो. वर्षाला साधारण १६,००० किलोमीटर, बहुतेक सरळ रस्ता, बहुतेक कोरडा. वहिनींची आई दापोली तालुक्यात एकटी राहते. वहिनी स्वतः गाडी चालवत वर्षाला बारा-चौदा फेऱ्या करतात: ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून मंडणगडमार्गे दापोली. हे झाले ५,००० किलोमीटर. त्यांतल्या पाच-सहा फेऱ्या जून ते सप्टेंबरमधल्या, आणि त्या दिवसांत ताम्हिणी म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको.

गाडीवरचे टायर ४६,००० किलोमीटर चालले होते. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे ३४२१, म्हणजे २०२१ च्या चौतिसाव्या आठवड्यातलं उत्पादन. वय फार नव्हतं, पण पुढच्या टायरांच्या खाचा २.३ मिलिमीटर उरल्या होत्या आणि मागच्या ३.४. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. मित्राचं म्हणणं, "अजून कायद्यात बसतंय, दिवाळीपर्यंत चालवू." वहिनींना पावसाळ्याआधी बदलायचे होते. तिथून मला फोन आला.

अडचण

वरवर पाहता प्रश्न सोपा होता: या मापात कोणता टायर चांगला? २०५/५५ आर १६ हे युरोपातलं अतिशय प्रचलित माप. जर्मनीतला मोटारचालकांचा क्लब एडीएसी दर वसंतात उन्हाळी टायरांची चाचणी छापतो, आणि २०२३ साली त्यांनी नेमके याच मापाचे ५० टायर तपासले होते. वहिनींच्या भाच्यानं स्टुटगार्टहून त्या तक्त्याचा फोटो पाठवला. मित्रानं तो एक्सेलमध्ये भरला, शेजारी युरोपच्या टायर-लेबलावरचे वर्ग (ए सर्वांत चांगला) लिहिले, टायरच्या भिंतीवरचा झिजेचा 'ट्रेडवेअर' आकडा टाकला, दुकानांतले भाव टाकले आणि प्रत्येक रकान्याला वजन दिलं.

पहिल्या फेरीत तक्त्यातला सगळ्यात वाईट टायर पहिला आला! कारण जर्मन गुणपद्धतीत आकडा जितका लहान तितका गुण चांगला. ०.६ ते १.५ म्हणजे 'फार चांगला', ४.६ च्या पुढे 'नापास'. चूक वहिनींच्या लक्षात आली. ५.५ गुण मिळालेल्या टायरच्या रांगेला लाल रंग का दिला असेल, एवढंच त्यांनी विचारलं. ही चूक कोणाकडूनही होईल, म्हणून नोंदवून ठेवतो: तक्ता हाती आला की आधी पाहायचं ते मोजमापाची दिशा.

खरी अडचण पुढची होती. मित्राची वजनं अशी: आयुष्य ३५, इंधन २५, किंमत २०, ओल्या रस्त्यावरची पकड १०, आराम आणि आवाज १०. वहिनींनी त्याच तक्त्यात पकडीला ६० दिले. दोन वेगळे टायर वर आले. मग मित्रानं दोघांच्या वजनांची सरासरी काढली, आणि तीही किलोमीटरच्या प्रमाणात. "गाडी सोळा हजार मी चालवतो, पाच हजार ती. मग माझं मत तिप्पट धरायला नको का?" हे त्यानं मनापासून विचारलं होतं. हिशेब म्हणून त्यात खोट काढता येत नव्हती.

समोरचे पर्याय

आमच्या भागातल्या तीन दुकानांत मिळून या मापाचे विचार करण्याजोगे चार टायर होते.

टायर अ देशी बनावटीचा, ६,९०० रुपयांचा. ट्रेडवेअर ५००, लेबलावर ओली पकड सी, इंधन बी. जर्मन यादीत तो नव्हता. दुकानदाराच्या अनुभवानं आयुष्य ५०,००० किलोमीटर.

टायर ब आयात केलेला, ९,२०० रुपयांचा. ट्रेडवेअर ३४०, ओली पकड ए, इंधन सी. जर्मन यादीत ओल्या रस्त्यावर 'चांगला'. आयुष्य ३८,००० च्या आसपास, असं दुकानदार म्हणाला.

टायर क मधला, ७,८०० रुपयांचा. ओली पकड बी, इंधन ए. त्याच नावाचा टायर जर्मन यादीत होता, पर्यावरणाच्या बाजूनं छान, ओल्या रस्त्यावर मात्र 'समाधानकारक'. दुकानातला टायर भारतात बनलेला होता.

टायर ड वेगवान गाड्यांच्या थाटाचा, १०,४०० रुपयांचा, ओली पकड ए, इंधन डी. दोघांपैकी कोणालाच तो नको होता, त्यामुळे त्यावर वेळ घालवला नाही.

शिवाय एक पर्याय फक्त पुढचे दोन टायर बदलण्याचा होता. खर्च अर्धा होतो म्हणून पुष्कळ लोक हेच करतात, आणि नवे टायर पुढे बसवून घेतात. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, हा टायर उद्योगातला रूढ सल्ला आहे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची आधी घसरली तर गाडी फिरते, आणि घाटात फिरलेली गाडी सावरायला जागाच नसते. पण नवे मागे टाकायचे तर मागचे ३.४ मिलिमीटरचे पुढे येणार, आणि पावसाळा त्यांच्यावरच काढायचा. हा पर्याय आम्ही पंधरा मिनिटांत सोडला.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

ट्रेडवेअर हा अमेरिकी पद्धतीचा आकडा. संदर्भाच्या टायरला १०० धरून त्याच्या तुलनेत किती झीज होते ते त्यात असतं, आणि तो आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत ३४० आणि ५०० यांची तुलना कामाची आहे. दोन कंपन्यांमध्ये ती सैल पडते.

युरोपच्या लेबलावर २०२१ च्या १ मेपासून ए ते ई असे पाच वर्ग आहेत. ओल्या पकडीचा वर्ग ब्रेकच्या चाचणीतून येतो, तोही नव्या टायरच्या. संदर्भ टायरच्या तुलनेत निर्देशांक १.५५ किंवा जास्त असेल तर ए, १.४० पासून बी, १.२५ पासून सी, १.१० पासून डी. वळणावर टायर कसा धरतो, साचलेल्या पाण्यावर कधी तरंगायला लागतो, किती टिकतो, हे लेबलात येत नाही. आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक नव्या प्रकारच्या टायरांना २०२२ च्या १ ऑक्टोबरपासून आणि आधीच्या प्रकारांना २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झालं. त्यात ओली पकड, फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या मर्यादा आहेत. ही मोठी गोष्ट आहे. पण ती पास-नापासाची रेघ आहे. रेघेच्या वर कोण किती वर, ते ग्राहकाला त्यातून कळत नाही.

एडीएसीची चाचणी यांच्यापेक्षा खोल जाते. २०२३ पासून तिच्यात एकूण गुणांपैकी ७० टक्के सुरक्षिततेला आणि ३० टक्के पर्यावरणाला असतात. टायर किती टिकतो ते दुसऱ्या भागात येतं. मला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. एखाद्या मुख्य कसोटीवर टायर फारच कमी पडला, तर बाकीच्या गुणांनी त्याची भरपाई होऊ देत नाहीत. एकूण श्रेणीच खाली ओढतात. म्हणजे त्यांनाही निव्वळ सरासरी पुरेशी वाटत नाही. मित्राच्या एक्सेलमध्ये नेमकं हेच नव्हतं. स्वस्ताई, टिकाऊपणा आणि अॅव्हरेज हे तिघे मिळून ओल्या पकडीतली उणीव झाकून टाकत होते. किलोमीटरनं भारलेल्या सरासरीत टायर अ पहिला येत होता, सी वर्ग असूनही.

पहिला निर्णय : प्रश्न बदलला

तिसऱ्या बैठकीत मी वजनं बाजूला ठेवली आणि दोघांना एकच विचारलं: गेल्या दोन वर्षांत ही गाडी चालवताना छातीत धस्स कधी झालं?

मित्राला पटकन काही आठवेना. शेवटी म्हणाला, नगरच्या अलीकडे एकदा कुत्रं आडवं आलं होतं, पण गाडी थांबली.

वहिनी जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्हाला मी सांगितलं नव्हतं." आदल्या जुलैत ताम्हिणीच्या उतारावर पुढच्या एसटीनं अचानक ब्रेक लावला. त्यांनीही लावला. एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) धडधडत राहिला आणि गाडी सरकत राहिली. एसटीच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. वेग चाळीसच्या आतच होता. "भावोजी, तेव्हापासून मी आईकडे निघायच्या आदल्या रात्री नीट झोपत नाही."

मित्रानं लॅपटॉप मिटला.

मला इथे माझीही चूक मान्य करायची आहे. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तक्ता समोर आला की आपण रकान्यांवर बोलत राहतो. माणूस नेमक्या कोणत्या रस्त्यावर घाबरतो ते कुठल्याच रकान्यात नसतं. किलोमीटरनं वजन देणं खर्चासाठी बरोबर आहे, कारण झीज आणि पेट्रोल किलोमीटरप्रमाणेच लागतं. धोका किलोमीटरप्रमाणे वाटला जात नाही. या घराचा बराचसा धोका वर्षातल्या पाच-सहा फेऱ्यांमधल्या घाटाच्या काही किलोमीटरांत साठला होता.

दुसरा निर्णय : आधी चाळणी, मग वजन

मित्राला तरीही आकड्यात पटवायचं होतं, आणि तो त्याचा हक्क होता. म्हणून एक साधा हिशेब मांडला. ओल्या रस्त्यावर ताशी ८० वेगानं दोन गाड्या एकाच ठिकाणी ब्रेक लावतात. एकीचा वेग सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंदानं उतरतो, दुसरीचा ६ नं. पहिली साधारण ३५ मीटरांत थांबते, दुसरी ४१ मीटरांत. फरक सहा मीटरांचा, ऐकायला थोडाच. पण पहिली जिथे थांबली तिथून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३० च्या आसपास असतो. त्या जागी एसटी उभी असेल तर एक गाडी तिच्या मागे थांबलेली असते आणि दुसरी तीसच्या वेगानं तिच्यावर आदळते. सरासरी गुणांत हा फरक दशांशात दिसतो.

मग ठरलं ते असं. ओल्या पकडीला टक्के द्यायचेच नाहीत. ती चाळणी. लेबलावर बी किंवा वर, आणि स्वतंत्र चाचणीत ओल्या रस्त्यावर 'चांगला' किंवा वर. जो चाळणीतून गळेल तो कितीही स्वस्त, कितीही टिकाऊ असला तरी बाद. जे उरतील त्यांच्यात मित्राची वजनं जशीच्या तशी लावायची.

अ बाद झाला. क लेबलाच्या चाळणीतून निघाला पण जर्मन चाचणीत अडकला. उरले ब आणि ड, आणि मित्राच्या वजनांनी त्यांतला ब सहज पुढे आला.

कच्या बाबतीत मी आजही पूर्ण निश्चिंत नाही. एकाच नावाचा टायर दोन देशांतल्या कारखान्यांत बनतो तेव्हा रबराचं मिश्रण तेच असेल असं धरून चालता येत नाही. त्याचा अर्थ जर्मनीतला कमी गुण आपल्या टायरला लागू नसेल, असाही होतो. भिंतीवर 'ई' अक्षराच्या मंजुरीचा क्रमांक आणि त्यामागे एस, डब्ल्यू, आर ही अक्षरं पाहायची असतात: आवाज, ओली पकड आणि फिरण्याचा विरोध यांच्या चाचण्यांची ती खूण. क वर ती होती. कंपनीला लेखी विचारून खात्री करता आली असती. पण मे संपत आला होता, कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पोचतो, आणि वहिनींची फेरी ठरलेली होती. आम्ही संशयाचा फायदा टायरला न देता माणसाला दिला.

याची किंमत

मित्राची बाजू हलकी नव्हती, आणि ती लपवून निर्णय घेणं मला बरोबर वाटलं नसतं. चार टायर अ म्हणजे २७,६०० रुपये, ५०,००० किलोमीटरला. किलोमीटरमागे ५५ पैसे. चार टायर ब म्हणजे ३६,८०० रुपये, ३८,००० किलोमीटरला. किलोमीटरमागे ९७ पैसे. वर्षाच्या २१,००० किलोमीटरवर फरक ८,७०० रुपयांच्या पुढे जातो. शिवाय लेबलावर बी आणि सी यांत इंधनाचा साधारण दोन टक्के फरक धरला तर वर्षाला २८ लिटर पेट्रोल जास्त. लिटरला शंभर रुपये धरले तरी २,८०० रुपये. एकूण साडेअकरा हजार, म्हणजे महिन्याला साडेनऊशेच्या आसपास.

हा आकडा मी कागदावर लिहून दोघांसमोर ठेवला. मित्र म्हणाला, "ती नीट झोपणार असेल तर दे." ज्या घरात महिन्याला साडेनऊशे काढणं जड आहे, तिथे मी कचीच खात्री करून घ्यायला सांगितलं असतं.

प्रत्यक्ष काय केलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही टायर बसवले. दुकानात तीन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या: उत्पादनाचा आठवडा चारही टायरांवर सहा महिन्यांच्या आतला, भारांक ९१ किंवा वर, वेगाचं अक्षर व्ही किंवा वर. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून घेतलं. दुकानातल्या मुलानं सवयीनं हवा ३६ भरली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर दोन माणसांसाठी ३२ लिहिलेली होती. ती थंड टायरची असते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासली. जास्त हवेनं अॅव्हरेज किंचित वाढतं, पण टायर मधोमध झिजतो. दर १०,००० किलोमीटरला पुढचे मागे करायचे, हे वहिनींनी फ्रीजवर लिहून ठेवलं.

निष्पत्ती

पहिल्या दोन महिन्यांत मित्राचा फोन: अॅव्हरेज १५.१ वरून १४.७ झालं. त्यातला काही भाग टायर बच्या सी वर्गाचा. बराचसा मात्र नवेपणाचा असणार, कारण जाड रबर फिरताना जास्त दबतं आणि जास्त ऊर्जा खातं. झिजलेला टायर अॅव्हरेजला बरा असतो, म्हणूनच जुन्या-नव्याची तुलना फसवी ठरते. वर्षभरात आकडा १४.९ वर स्थिरावला.

आवाजाची तक्रार मात्र खरी निघाली. काँक्रीटच्या पट्ट्यावर टायर गुणगुणतो. लेबलावरचा डेसिबलचा आकडा आम्ही पाहिला होता, पण तो ताशी ८० ला रस्त्याच्या कडेच्या मायक्रोफोननं मोजलेला असतो. आत बसलेल्याच्या कानाला काय ऐकू येईल, ते त्यातून ठरत नाही. आठवड्याला पावणेपाचशे किलोमीटर बसणाऱ्याला हे विचारायला हवं होतं. त्याच टायरवर धावणारी कोणाची तरी गाडी अर्धा तास मागून घेणं अवघड नव्हतं; ते राहून गेलं.

वहिनींनी दोन पावसाळे काढले. काही झालं नाही. काही झालं नाही यावरून टायर चांगला होता असं सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. त्या म्हणतात, उतारावर एबीएसची धडधड क्वचित जाणवते. वेग त्यांनी वाढवलेला नाही, एसटीपासूनचं अंतर उलट वाढवलं आहे. दरडीखाली वाहून आलेली लाल माती आणि कडेचं शेवाळ यांवर कोणत्याच चाचणीचे गुण लागू होत नाहीत, कारण चाचणी स्वच्छ पाण्यानं भिजवलेल्या डांबरावर होते. हे मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

भीतीचा प्रश्न आधी विचारायचा, आणि मार्चमध्ये सुरुवात करायची. दोन महिने हाती असते तर कची खात्री झाली असती आणि कदाचित वर्षाचे पाच-सहा हजार वाचले असते.

दुसरं, झिजलेल्या टायरचा विचार. आमची सगळी तुलना नव्या टायरांची होती. युरोपात २०२४ च्या जुलैपासून नव्या प्रकारच्या कार-टायरांना झिजलेल्या अवस्थेतही ओल्या पकडीची परीक्षा द्यावी लागते. आमच्या खरेदीनंतर महिन्याभरातच हा नियम आला. पुढच्या वेळी तुलनेत ती बाजू धरता येईल. तोवर आमच्यापुरता नियम असा ठरला की पावसाळ्याच्या तोंडावर खाच ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर बदलायचे, कायदा काही म्हणो.

२०२५ च्या ऑक्टोबरात २८,००० किलोमीटरला मी स्वतः मोजलं. नवे असताना ७.६ मिलिमीटर होते, चारही टायर आता ४.४ च्या आसपास. दुकानदारानं ३८,००० सांगितले होते. या चालीनं कायद्याच्या रेघेपर्यंत ते पन्नास हजारांच्याही पुढे जातील. पण आमच्या ३ मिलिमीटरच्या रेघेला ते ४०,००० च्या सुमारास टेकणार, म्हणजे २०२६ च्या मेमध्ये, पाऊस यायच्या जरा आधी. तेव्हा कायद्याच्या रेघेपेक्षा १.४ मिलिमीटर जास्त नक्षी शिल्लक असताना टायर काढायचे का, हा प्रश्न मित्र आतापासून विचारू लागला आहे. वहिनींनी फ्रीजवरच्या कागदावर त्या महिन्याभोवती गोल केला आहे.